शिसें आणि रक्तांतील मेद



गेल्या दिवाळीपूर्वी आमचा जुना पाळणा माळ्यावरून खालीं काढला. नातवासाठीं त्याचा रंग खरवडून नवा द्यावा, असा घरांत बेत होता. मीं तो थांबविला. कारण जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसें असतें आणि खरवडतांना उडालेली धूळ मुलांच्या पोटांत जाते. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, शिशानें मेंदूला अपाय होतो, हें ठाऊक आहे, आणखी काय होतें?" या 'आणखी'चें थोडेंसें उत्तर प्रयोगशाळेंतील पांढऱ्या उंदरांनीं दिलें आहे.

प्रयोग दिसावयास साधा. उंदरांच्या एका गटास पाण्यांतून शिशाचें असेटेट पाजतात. हा क्षार चवीला गोड. त्याला पूर्वीं शिशाची साखर म्हणत. दुसऱ्या गटास सोडियमचें असेटेट देतात; म्हणजे पडलेला फरक शिशाचाच, असें म्हणतां येतें. शिवाय शिशाचें पाणी पिणारे उंदीर पुष्कळदा खातातहि कमी. म्हणून दुसऱ्या गटालाहि तितकेंच मोजून खावयास घालावें लागतें. नाहीं तर उपासाचें पाप शिशाच्या माथीं बसावयाचें! जन्मभर गणिताचे पेपर तपासलेल्या माणसास ही खबरदारी फार आवडते. कांहीं आठवड्यांनीं उंदरांना रात्रभर उपाशी ठेवून रक्त तपासतात. अशा अनेक प्रयोगांत कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड वाढलेलीं आढळलीं आहेत.

हें कां घडावें? शिशाचें नायट्रेट टोचलेल्या उंदरांच्या यकृतांत कोलेस्टेरॉल घडविणारें एन्झाइम जोर धरतें आणि त्याचीं पित्ताम्लें बनविणारें एन्झाइम मंदावतें. जमा वाढली, खर्च घटला; शिल्लक रक्तांत दिसते. शिवाय शिसें ग्लुटाथायॉन या रक्षक द्रव्याला बांधून टाकतें. मग जुनें तेल खवट व्हावें, तसा पेशींच्या आवरणांतील मेद बिघडतो.

पण येथें थोडें थांबलें पाहिजे. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें अनिचकोव्ह व खलातोव्ह यांनीं सशांना सूर्यफुलाच्या तेलांतून कोलेस्टेरॉल चारलें, तेव्हां त्यांच्या रोहिण्यांत मेद सांचला. उंदीर मात्र तसल्या आहारास सहसा दाद देत नाहीं. त्याच्या रक्तांतील बहुतेक कोलेस्टेरॉल एच.डी.एल. कणांतून वाहतें, आपलें मुख्यतः एल.डी.एल.मधून. प्रयोगांतील मात्राहि बहुधा मोठी असते. तेव्हां उंदराचा आकडा जसाच्या तसा माणसाच्या खात्यांत मांडूं नये. माणसांच्या पाहण्यांत रक्तांतील मेदाविषयीं एकवाक्यता नाहीं. मात्र रक्तदाब व हृद्रोग यांशीं शिशाचा संबंध चांगला प्रस्थापित झाला आहे, आणि शिशाची निर्धोक अशी कोणतीहि पातळी ज्ञात नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचा पाळणा माझ्या आजोबांच्या वेळचा! तो कापडांत गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवला आहे. नातू धोतराच्या झोळींत निजतो, आणि अद्याप तरी त्याची तक्रार नाहीं.