सोलापूरचा उन्हाळा आणि पाण्याची गोळी

वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर चढला म्हणजे दुपारीं सोलापूरचे रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत घरांतील एखाद्या वृद्ध माणसाला घेरी येते, बोलणें असंबद्ध होतें आणि घरचे लोक म्हणतात, "ऊन लागलें." पुष्कळ वेळां तें खरेंहि असतें. परंतु श्रोतेहो, कांहीं वेळां दोष एकट्या उन्हाचा नसतो. रोज सकाळीं घेतल्या जाणाऱ्या एका लहानशा गोळीचाहि त्यांत वांटा असतो. रक्तदाबासाठीं किंवा पायांवरील सुजेसाठीं दिलेली ही गोळी लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकते. लोक तिला पाण्याची गोळी म्हणतात. वैद्यकांत अशा औषधांस मूत्रल म्हणतात.

या देशाला मूत्रल औषधें नवीं नाहींत. चरकसंहितेंत मूत्र वाढविणाऱ्या द्रव्यांचा स्वतंत्र गण असून त्यांत गोखरूची गणना केली आहे. हें गोखरू म्हणजे सोलापूरच्या माळावर अनवाणी पायांत मोडणारा आणि सायकलींच्या चाकांना भोकें पाडणारा सराटाच! युरोपांतील शोध मात्र योगायोगानें लागला. १९१९ सालीं व्हिएन्ना येथील रुग्णालयांत उपदंशाच्या एका तरुण रोगी स्त्रीला पाऱ्याचें इंजेक्शन देत असत. आल्फ्रेड फोगल नांवाचा विद्यार्थी तिच्या लघवीचें माप पाहत होता. इंजेक्शन दिलें कीं माप एकाएकीं कित्येक पटींनीं वाढतें, हें त्याच्या ध्यानांत आलें. पारा विषारी खरा. पण १९५८ च्या सुमारास थायाझाइड वर्गाच्या गोळ्या येईपर्यंत तोच वापरावा लागला.

आतां शरीराची स्वतःची व्यवस्था पाहावी. मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. बाहेर पडतो तो बहुधा दीड-दोन लिटर. बाकीचा परत रक्तांत जातो. किती परत घ्यावयाचा, याचा हुकूम अंतःस्रावांकडून येतो. रक्त जरा घट्ट झालें कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथींतून एक स्राव सुटतो व मूत्रपिंडांना पाणी राखावयास लावतो. ज्याच्या शरीरांत हा स्राव तयारच होत नाहीं, त्याला दिवसांत दहा-दहा लिटरहि लघवी होऊं शकते आणि तहान कांहीं केल्या भागत नाहीं. दुसरा स्राव मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींचा. अल्डोस्टेरोन नांवाचा हा स्राव मीठ राखतो. तो १९५३ सालीं लंडन येथें वेगळा काढण्यांत आला.

पाण्याची गोळी मूत्रपिंडांना मीठ परत घेऊं देत नाहीं, आणि मिठामागून पाणी जातें. वैशाखांत घामावाटेहि तेंच जात असतें. त्यांतून उतारवयांत तहानेची जाणीव मंद होते, हें घरांतल्या तरुणांना सहसा ठाऊक नसतें. मग कोणी काळजीपोटीं तांब्यामागून तांब्या साधें पाणी पाजतो. पिट्यूटरीचा स्राव सुटलेलाच असतो. पाणी शरीरांत राहतें, मीठ मात्र गेलेलें असतें. रक्तांतील सोडियम उतरतें. भ्रम होतो, क्वचित् झटकेहि येतात.

मग मीठ घातलेलें ताक द्यावें, असें वाटणें साहजिक आहे. पण ज्याचें हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे, त्याला तेंच मीठ बाधतें. सूज वाढते, दम लागतो. गोळी आपल्या मतानें बंद करणें हेंहि तितकेंच घातक. याकरितां चैत्र लागतांच डॉक्टरांकडून रक्तांतील सोडियम व पोटॅशियम तपासून घ्यावें आणि उन्हाळ्यांत गोळीचें प्रमाण काय ठेवावें, पाणी व मीठ किती घ्यावें, हें विचारावें. गोखरूचें चूर्ण चालू असल्यास तेंहि सांगावें. काष्ठौषधि म्हणून तें लपविण्याचें कारण नाहीं. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. आणि म्हातारें माणूस भरदुपारीं असंबद्ध बोलूं लागलें, तर "निजूं द्या जरा, बरें वाटेल" असें न म्हणतां, त्याच्या गोळ्यांची पुडी बरोबर घेऊन, त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें.