नदीची सहनशीलता
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नदीविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, उमेदीची वर्षे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेलेली. शास्त्राविषयी अधिकारवाणीने बोलणे आम्हांस शोभणार नाही. तथापि एक प्रश्न आपल्यासमोर ठेवावासा वाटतो : विषारी पाण्यात जो तगून राहिला, त्यास निरोगी म्हणावे काय?

घाटाच्या पायरीवर ज्या बुळबुळीत थरामुळे पाय घसरतो, त्यास शास्त्रज्ञ जैवपटल म्हणतात. सूक्ष्म शैवाले, सिलिकेच्या कवचात राहणारे डायटम, जीवाणू आणि बुरशी हे सारे स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात एकत्र नांदतात. गोगलगाई आणि कीटकांच्या अळ्या यांचे ते अन्न होय. पाणी पुढे निघून जाते. हा थर मात्र जागच्या जागी राहतो आणि नदीने जे सोसले त्याची खूण अंगावर वागवतो.

फ्रान्समध्ये लियॉन शहराच्या उत्तरेस बोजोले हा द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. तेथे मोर्सीय नावाची एक चिमुकली नदी वाहते. वेलींवरील केवडा रोगासाठी मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण फवारण्याचा उपाय बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली प्रसिद्ध केला. आपल्यापैकी ज्यांचे आप्त नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागा राखून आहेत, त्यांना हे ‘बोर्डो मिश्रण’ परिचयाचे असेल. मोरचुदातील तांबे पानांवरून मातीत आणि मातीतून पावसाबरोबर ओढ्यात उतरते. तांबे हे मूलद्रव्य. ते विघटन पावत नाही. मोर्सीयच्या उगमाकडे मळे विरळ, खाली दाट. म्हणून खाली जावे तसे तांबे वाढत जाते.

संशोधकांनी नदीच्या वरच्या आणि खालच्या भागातील थर घेतले, त्यांना चढत्या मात्रेने तांबे दिले आणि त्यांतील प्रकाशसंश्लेषण कितपत मंदावते ते मोजले. खालच्या थराने वरच्याहून अधिक तांबे सहन केले. या परीक्षेमागील विचार स्वीडनमधील हान्स ब्लांक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडला होता.

ही सहनशीलता येते कोठून? नाजूक जाती नाहीशा होतात आणि त्यांची जागा चिवट जाती घेतात. काही पेशी धातूला जखडून ठेवणारी द्रव्ये तयार करतात. भोवतालचा चिकट लेपही बराचसा धातू बाहेरच अडवून धरतो. म्हणजे थर तोच दिसतो, पण त्यातील रहिवासी पुष्कळसे बदललेले असतात. अडवलेला धातू संपत नाही. थर खाणाऱ्या गोगलगाईच्या पोटात तो जातोच. शिवाय एका विषाला सरावलेला समूह दुसऱ्या संकटापुढे टिकेलच, अशी हमी नाही.

सरकारी सेवकास येथे एक धोका दिसतो. ‘नदीस सवय झाली आहे’ असा शेरा मारून प्रकरण मिटवणे फार सोपे. परंतु ही सवय नदीवर झालेल्या आघाताचा पुरावा आहे. आघात करणाऱ्याचे ते निर्दोषपत्र नव्हे.

आशेलाही जागा आहे. कृत्रिम पाटांत केलेल्या प्रयोगांत तांबे कमी होताच थर हळूहळू पूर्वपदाकडे वळू लागल्याचे आढळले. वरच्या अंगास निकोप पट्टा शिल्लक असेल, तर तेथून वाहत येणाऱ्या पेशी खालची उजाड जागा पुन्हा वसवू शकतात. म्हणून उगमाकडील चार स्वच्छ कोस राखणे हे खालच्या साऱ्या नदीचे हित आहे. फवारणीसही मर्यादा हवी. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमान्वये ती सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे इतकी ठरवली.

आपण मराठी माणसे पोटापाण्यासाठी देशभर विखुरलो आणि निरनिराळ्या नद्यांच्या काठी वसलो. ज्या नदीचे पाणी आपण पितो, तिच्यात काही जिवंत आहे काय, एवढेच विचारून थांबू नये. पूर्वी कोण होते आणि त्यांतले कोण उरले नाही, हेही विचारावे. मुलांनाही तो प्रश्न विचारावयास शिकवावे, एवढीच आमची विनंती.