वास्तू जमिनीला विचारून बांधावी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेने वरणगावात बहुउद्देशीय वास्तू उभारण्याचे ठरविले आहे. तिथे वंदना होईल, मुलांसाठी अभ्यासिका असेल, लग्नकार्ये होतील आणि अजिंठ्याला जाणारे बांधव एक रात्र मुक्कामही करू शकतील. या वास्तूविषयी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. मी काही इंजिनिअर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेतला एक साधा कारकून. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

बंधू-भगिनींनो, उत्तम वास्तू कशी असते हे पाहायला आपल्याला मुंबई-दिल्लीला जाण्याचे कारण नाही. अजिंठा आपल्यापासून दोन तासांच्या वाटेवर आहे. ज्या वाघूर नदीच्या वळणावर ती लेणी कोरली, तीच वाघूर पुढे आपल्या जिल्ह्यातून वाहत तापीला मिळते. आपण तिथली चित्रे पाहतो, मूर्तींपुढे हात जोडतो, फोटो काढतो आणि परत येतो. पण ती जागा कशी निवडली, याचा विचार फार थोडे लोक करतात.

नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे. त्या वळणावर सुमारे अडीचशे फूट उंचीचा काळ्या पाषाणाचा कडा आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात तिथे पहिली लेणी कोरली गेली आणि पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, बहुतेक उरलेली. लहानमोठी मिळून ती तीस आहेत. आज आपण ज्या वाटेने एका लेण्यातून दुसऱ्यात जातो, ती वाट अलीकडची. त्या काळी लेण्यांतून थेट नदीपात्राकडे पायऱ्या उतरत होत्या. म्हणजे पाणी कुठे आहे हे आधी पाहिले आणि निवारा मागून कोरला.

विहाराची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे खांबांची ओसरी, आत मोठा मंडप, तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या आणि समोर गाभाऱ्यात बुद्धमूर्ती. राहणे, शिकणे, वंदना, सारे एका छताखाली. आपण आज ज्याला बहुउद्देशीय म्हणतो, ते याहून वेगळे काय? सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. दान देणाऱ्याने त्यात खिडक्या-दारांचा आणि पाण्याच्या टाक्याचाही उल्लेख करून ठेवला आहे. हवा आणि पाणी ही त्याला सांगण्याजोगी गोष्ट वाटली, हे विशेष.

चौथे लेणे तर मला फार शिकवून गेले. तिथल्या खडकातच दोष निघाला आणि मंडपाचे छत ढासळले. कारागिरांनी दोषाचा थर काढून टाकला आणि छत आणखी वर नेले. नकाशासाठी खडक बदलत नाही, खडकासाठी नकाशा बदलावा लागतो, हे त्यांना कळले होते.

आता दुसरे उदाहरण. याच अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरजवळ, जपानच्या कर्जसाहाय्याने शासनाने भव्य अभ्यागत केंद्र बांधले. ते २०१३ मध्ये सुरू झाले. हेतू अत्यंत चांगला होता. माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने मूळ चित्रांना धोका पोहोचतो. तेव्हा १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे उभारल्या. लोकांनी आधी तिथे समजून घ्यावे आणि मग लेण्यांत शांतपणे जावे, अशी ती कल्पना. परंतु पुढे पाणी आणि विजेची बिले थकली आणि काही वर्षांतच केंद्राला टाळे लागल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या. कुणावर टीका करण्यासाठी मी हे सांगत नाही. पण बँकेत बसून मला एक गोष्ट कळली आहे. इमारत बांधायला पैसा एकदा लागतो, चालवायला दरमहा लागतो. उद्घाटनाच्या दिवशी सगळे येतात, विजेचे बिल भरायच्या दिवशी कुणी येत नाही.

म्हणून माझ्या काही नम्र सूचना आहेत.

आपली जमीन काळी आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत गेलाच पाहिजे, तिथे काटकसर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखाली दुपारी मुले अभ्यासाला बसणार नाहीत. आपल्या वाडवडिलांची धाब्याची घरे जाड भिंतींची होती, ती का थंड राहत, हे जाणत्या गवंड्याला विचारावे. मावळतीच्या बाजूला मोठ्या खिडक्या नकोत. दारे-खिडक्या उत्तर-दक्षिण असाव्यात, वर झरोके असावेत, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. चारी बाजूंनी ओसरी असावी. लग्नाची पंगत तिथेच बसेल आणि परगावचा पाहुणाही तिथेच अंग टाकील. छतावरचे पावसाचे पाणी टाक्यात उतरवावे. आणि जागेवर जे दोन जुने कडुनिंब आहेत, ते नकाशात अडचण म्हणून दाखविले आहेत. माझी विनंती आहे, नकाशा सरकवावा, निंब तोडू नयेत. तेवढी सावली पुन्हा उगवायला एक पिढी जाईल.

शेवटची सूचना पैशाची. जमलेल्या निधीपैकी एक भाग मुदत ठेवीत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून वीज, पाणी व झाडलोट चालावी. त्यासाठी सभागृह दहा फूट लहान झाले तरी चालेल.

या निधीत फॅक्टरीतल्या कामगाराचा पगार आहे, निवृत्तांची पेन्शन आहे आणि केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या माउलीची एक दिवसाची मजुरीही आहे. तिची पावती मी स्वतः फाडली. त्या दिवशी तिने विचारले, "भाऊ, तिथं मले दुपारी बसता येईन ना?" मी हो म्हणालो. तो शब्द माझा एकट्याचा नाही, आपल्या सर्वांचा आहे. वास्तू थंड असेल आणि तिचे दार उघडे असेल, तरच तो पाळला गेला असे होईल.