हृदयाची गोळी आणि कामाची पाळी



आम्ही डॉक्टर नव्हे. युनियनचे काम करता करता जे वाचले, विचारले आणि पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

१८६७ साली आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट केले. १८७९ साली लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनी तेच द्रव्य छातीतील कळेवर औषध म्हणून पुढे आणले. ते रक्तवाहिन्या सैल करते. डायनामाइटच्या कारखान्यांत पुढे असे दिसले, की सुट्टीनंतर सोमवारी कामगारांचे डोके ठणके. मग शरीर सरावे. काहींच्या छातीत मात्र सुट्टीच्या दिवशीच कळ येई, कारण सवयीचे द्रव्य एकाएकी तुटलेले असे. औषधाचा गुण आणि उपद्रव एकाच मुळातून निघतात, हे कामगारांच्या अंगावर असे दिसले.

आता आपल्याकडे पाहा. लघवी वाढविणारी गोळी अंगात साठलेले पाणी काढते, धाप उतरविते. पण ती घेतल्यावर काही तास वारंवार उठावे लागते. बसचालकाने गाडी कोठे सोडावी? तो गोळीच टाळतो. मग पाय सुजतात, उशीला दुसरी उशी लागते, आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडले नाही!

एनालाप्रिलसारख्या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो. यंत्रमागावरचा माणूस तो सुताच्या धुळीचा समजतो. डॉक्टरांना सांगितले, तर ते गोळी बदलून देऊ शकतात. बीटा ब्लॉकरने नाडी मंदावते, थकवा येतो. पण ती गोळी एकाएकी सोडली, तर कळ उसळू शकते. म्हणून आपल्या मनाने काहीही बंद करू नये.

नाडी स्वस्थ बसून पुरे एक मिनिट मोजावी. साधारण ६० ते १०० ठोके असतात. रोज सकाळी वजन करावे. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढले, तर पाणी साठत असावे. किती पायऱ्यांवर धाप लागते, तेही डॉक्टरांना सांगावे. एकदा ईसीजी साफ आला म्हणून कळ खोटी ठरत नाही. छाती दाटून घाम फुटला, तर पाळी संपण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

गोळीची वेळ पाळीप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि लघवीला जाण्याची मोकळीक मालकाकडे मेहेरबानी म्हणून मागू नये. तो औषधाचाच भाग आहे, आणि तो मिळवून देणे हे युनियनचे काम आहे.