वळवाआधी अँटेनाचे ताण तपासा



वळवाचे दिवस आले की आपण पत्र्यावर दगड ठेवतो, कडबा झाकतो, वाळवणं आवरतो. आज घरावरच्या आणखी एका वस्तूबद्दल सांगते. ती म्हणजे हौशी रेडिओची, म्हणजेच हॅम रेडिओची अँटेना. या रेडिओला मोबाइलचा टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. संच, बॅटरी आणि उंचावर बांधलेली तार एवढ्यावर दूरच्या माणसाशी बोलता येतं. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना काढता येतो. मुलींनाही आणि आपल्यालाही.

याचा आपल्याला काय उपयोग? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, फोन बंद पडले. तेव्हा बाहेरगावचे हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन या भागात आले आणि निरोप पोचवू लागले. वादळातही तसंच होतं. वीज जाते, टॉवर बंद पडतो. नेमकी तेव्हाच अँटेना आडवी झालेली असेल, तर घरातला संच काय कामाचा?

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून रोजच्या वाऱ्यात ताठ उभा असलेला पाइप वावटळीत वाकतो.

लाइटच्या खांबाला ताण असतो, तो तुम्ही पाहिला आहे. अँटेनाच्या पाइपालाही तीन बाजूंनी, सारख्या अंतरावर ताण हवेत. पाइपाच्या बुडापासून मेख पाइपाच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त लांब असावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात मऊ होते, आणि नुसती ठोकलेली मेख सुटते. खड्डा घेऊन काँक्रीटमध्येच बसवा. प्लॅस्टिकची दोरी उन्हानं चुरते. तिच्याऐवजी गंज न चढणारी तार वापरा. माळवदात किंवा पत्र्याच्या आड्याला पाइप रोवू नका. वारा पाइप हलवतो, भोक मोठं होतं आणि पाणी आत मुरतं.

तारेची अँटेना लिंबाच्या झाडाला बांधली असेल, तर करकचून आवळू नका. झाड डोललं की तार तुटते. विहिरीवर असते तशी छोटी कप्पी लावा, तिच्यावरून दोरी घ्या आणि टोकाला वजन टांगा. झाड हललं तर वजन खालीवर होईल, तार शाबूत राहील.

सगळ्यात चांगलं म्हणजे हवामान खात्याचा इशारा आला की पाइप खाली उतरवणं. दोघीतिघी मिळून उतरवा, आभाळ गडगडायच्या आधी. संचाची केबलही तेव्हाच काढून ठेवा. ताण वाऱ्यापासून वाचवतो, विजेपासून नाही. गडगडाट सुरू झाल्यावर पाइपाला आणि केबलला हात लावायचा नाही.

आणि एक गोष्ट जिवाची. पाइप कुठल्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही, एवढ्या लांबच उभा करा. तारेवर पडलाच, तर अँटेना गेली तरी चालेल, जवळ जाऊ नका, पोरांनाही जाऊ देऊ नका. महावितरणला १९१२ वर फोन करा.

गटाच्या पुढच्या बैठकीनंतर गावातून एक फेरी मारा. शाळेवरची, घरावरची अँटेना, टीव्हीची छत्री, सगळ्यांचे ताण आणि नटबोल्ट हलवून बघा. ढिलं सापडलं तर त्याच दिवशी आवळून घ्या. वळव आपल्याला विचारून येत नाही.