तारा जमिनीखाली जाताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सत्कार आणि अंताक्षरी यांच्या मधली वीस मिनिटं मला दिली आहेत. त्यात विजेच्या तारांवर बोलायचं, म्हणजे तुमच्या सहनशीलतेची परीक्षाच. पण आपल्या वार्षिक सभेत दरवर्षी कोणीतरी एक प्रश्न विचारतंच: "वसई-विरारच्या तारा जमिनीखाली कधी जाणार?" माझी उमेदीची वर्षं विजेच्या कामात गेली, त्यामुळे सगळ्यांच्या माना आपोआप माझ्याकडे वळतात. "कधी" याचं उत्तर माझ्या हातात नाही. पण जातील तेव्हा काय होतं, आणि त्या वेळी आपण सोसायटी म्हणून काय करायचं, हे मात्र मला सांगता येईल.

आधी हे बघू, की आपल्याकडे तारा डोक्यावर का आहेत. मुंबईत आजच्या बेस्टच्या पूर्वसुरी कंपनीने १९०५ साली वीज द्यायला सुरुवात केली. आज बेस्टच्या हद्दीतल्या मुंबई शहरात वीज जमिनीखालच्या केबलमधून फिरते. आपल्याकडे गाव आधी, इमारती नंतर आणि रस्ते त्याच्याही नंतर असा क्रम होता. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका वेगळ्या, ग्रामपंचायती वेगळ्या. ३ जुलै २००९ ला महानगरपालिका झाली, तोवर वस्ती उभी राहून गेली होती. इमारत उठली की खांब रोवा आणि तार ओढा, हाच लवकरचा आणि स्वस्तातला मार्ग होता. त्यात चूक काही नव्हती. खांबाची लाइन आठवड्यात उभी राहते. केबलसाठी रस्ता खणावा लागतो, आणि खणायला आधी रस्ता तर हवा!

आता या तारांचा त्रास. पावसाच्या पहिल्या सरीला वीज का जाते, हे आज समजून घ्या. खांबावर तारेला धरून ठेवणाऱ्या चिनी मातीच्या टोप्या असतात, त्यांना आपण इन्सुलेटर म्हणतो. मार्च ते मे त्यांच्यावर धूळ बसते आणि समुद्राकडून येणारं मीठ बसतं. आपला पट्टा समुद्राला लागून, शिवाय मिठागरांच्या शेजारी. जोरदार पाऊस आला तर हे सगळं धुऊन जातं. पण नुसती भुरभुर आली, तर ते मीठ ओलं होतं आणि त्यातून वीज खांबात उतरते. फीडर ट्रिप होतो. आपण म्हणतो, "चार थेंब पडले नाहीत तर लाइट गेली!" ती त्या चार थेंबांमुळेच गेलेली असते.

दुसरा त्रास वाऱ्याचा. आगाशी, निर्मळ, भुईगाव, गिरीज, म्हणजे आपला सगळा हिरवा पश्चिम पट्टा. नारळ, केळी, जुने आंबे आणि त्यांच्यामधून गेलेल्या तारा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. वादळ जमिनीवर आलं ते तिकडे सौराष्ट्रात, पण वसई तालुक्याच्या अनेक भागांत वीज यायला काही दिवस लागले. झाडं तारांवर, खांब आडवे. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही आणि लिफ्टही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे जिने धावत चढत होतो. आज चौथ्या मजल्यावर किती जण सत्तरीच्या पुढचे आहेत, ते मोजा. म्हणून मी म्हणतो, हा विषय शहराच्या सौंदर्याचा कमी आणि आपल्या जगण्याचा जास्त आहे.

यावर शासनाने विचार केलेला नाही असं नाही. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, जागतिक बँकेच्या साहाय्याने, महाराष्ट्रात भूमिगत वाहिन्यांसाठी अलिबाग, रत्नागिरी आणि आपल्याच पालघर जिल्ह्यातलं सातपाटी ही ठिकाणं घेतली गेली. निसर्ग आणि तौक्ते या दोन वादळांनंतर राज्य शासनाने कोकणासाठी आपत्ती सौम्यीकरणाचा कार्यक्रम आखला, त्यातही भूमिगत वाहिन्या आहेत. आपल्यापेक्षा मोठं उदाहरण विशाखापट्टणमचं. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ त्या शहरावर आदळलं, खांब काडीसारखे मोडले आणि सगळं शहर अंधारात गेलं. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत तिथे वाहिन्या जमिनीखाली न्यायचं काम हाती घेतलं गेलं. न्यूयॉर्कमध्येसुद्धा १८८८ च्या हिमवादळाने तारा पाडल्या, तेव्हाच त्या जमिनीखाली घालायच्या कामाला जोर आला. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. एकदा अंधारात बसल्याशिवाय कोणी खणत नाही.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. आता जरा कडू बोलतो. तारा जमिनीखाली गेल्या की वाऱ्याची भीती संपते, पण दोन नवे वैरी तयार होतात: एक पाणी आणि दुसरा जेसीबी.

वरची तार तुटली तर ती दिसते. लाइनमन मोटारसायकलवरून लाइनखालून फिरतो, फांदी काढतो, तार जोडतो, तास-दोन तासांत काम होतं. केबलमध्ये बिघाड झाला तर वरून काहीच दिसत नाही. तपासणीची गाडी आणायची, केबलवर दाब देऊन बिघाड किती मीटरवर आहे ते शोधायचं, तिथे खणायचं, पाणी उपसायचं, केबल कापून नवा जॉइंट करायचा. जॉइंट करताना हात कोरडे आणि जागा कोरडी लागते. भर जुलैत आपल्या रस्त्यावर कोरडी जागा शोधून दाखवा! म्हणजे बिघाड कमी वेळा होतो, पण झाला की दुरुस्तीला जास्त वेळ लागतो.

यावर उपाय आहे, त्याला रिंग म्हणतात. एकच जिना असलेल्या इमारतीत जिन्यात कपाट अडकलं तर वरचे वर आणि खालचे खाली. दोन जिने असले तर दुसऱ्याने उतरता येतं. तसं प्रत्येक भागाला दोन बाजूंनी वीज यायला हवी. मधे रिंग मेन युनिट नावाची लोखंडी पेटी असते. केबल खराब झाली की तेवढाच तुकडा दोन्हीकडून बंद करायचा आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज द्यायची. मग दुरुस्तीला दोन दिवस लागले तरी आपल्या घरात दिवा असतो. रिंग न करता नुसत्या तारा खाली घातल्या, तर अंधार कमी होणार नाही, फक्त दिसेनासा होईल. योजना जाहीर होते तेव्हा आपण किती किलोमीटर केबल टाकणार ते वाचतो. रिंग किती ठिकाणी पूर्ण होणार, हेही विचारायला शिकलं पाहिजे.

आता पाणी. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. आपण मधल्या बशीत. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, मिठागरांत माणसं अडकली, वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. त्यानंतर महापालिकेने निरी आणि आयआयटी यांच्याकडे पुराच्या कारणांचा अभ्यास सोपवला. केबल स्वतः पाण्याला फारशी घाबरत नाही. चांगल्या प्रतीची केबल पाण्यात वर्षानुवर्षं राहते. घाबरतो तो जॉइंट, आणि घाबरते ती जमिनीवरची पेटी. पेटीचा चौथरा पुराच्या पातळीपेक्षा उंच नसेल तर पाणी पेटीत शिरतं, आणि साठलेल्या पाण्यात वीज उतरून जीव जातात. अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. समुद्रसपाटीच्या खाली मोठा भाग असलेल्या नेदरलँड्समध्ये गावोगावची वीज जमिनीखालूनच फिरते, म्हणजे हे अशक्य नाही. पण त्यासाठी पाण्याची पातळी आधी माहीत हवी. ती सरकारी नकाशापेक्षा आपल्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला जास्त अचूक ठाऊक असते.

दुसरा वैरी जेसीबी. खणण्याचे नियम आहेत. साध्या दाबाची केबल पाऊण मीटर खोल, ११ केव्हीची ९० सेंटिमीटर, २२ आणि ३३ केव्हीची १.०५ मीटर. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी आणि वर धोक्याची पट्टी. हे झालं तर जेसीबीचा दात आधी विटेला लागतो आणि चालक थांबतो. पण आपल्या रस्त्यात पाण्याची लाइन आहे, गटार आहे, गॅसची पाइप आहे, इंटरनेटवाल्यांच्या नळ्या आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी, ठेकेदार वेगळा आणि नकाशा वेगळा, असला तर! केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं, ते याचसाठी. खणणाऱ्याने आधी कळवायचं आणि ज्यांच्या वाहिन्या तिथे आहेत त्यांनी सावध करायचं. ॲप चांगलं आहे, पण त्यात नकाशा भरणारं कोणीतरी लागतं.

म्हणून शहराचं नियोजन म्हणजे माझ्या मते चार साधे प्रश्न. पहिला, आधी कुठे? सगळीकडे एकदम होणार नाही, खर्च वरच्या लाइनच्या कित्येक पट आहे आणि तो अनुदानातून किंवा बिलातून शेवटी आपल्याच खिशातून जातो. तेव्हा रुग्णालयं, पाण्याचे पंप, गर्दीचे बाजार, झाडीतून जाणाऱ्या लाइनी आणि बाल्कनीला खेटून गेलेल्या तारा आधी घ्याव्यात. ११ केव्हीपर्यंतची तार इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर आणि त्यावर ३३ केव्हीपर्यंतची २ मीटर दूर हवी. आपापल्या गल्लीत नजर टाका, म्हणजे यादी आपोआप तयार होईल. दुसरा प्रश्न, रस्ता एकदाच खणायचा की पाच वेळा? काँक्रीटचा रस्ता होण्याआधी नळ्या टाकून ठेवल्या तर पुन्हा फोडावा लागत नाही. तिसरा, रेल्वे. आपलं शहर रुळांनी दोन भागांत कापलेलं आहे, आणि रुळाखालून केबल न्यायची तर परवानगी, आडवं छिद्र आणि वेळ, तिन्ही लागतात. ते पहिल्या दिवशी धरलं नाही तर पूर्व आणि पश्चिमेची रिंग जुळतच नाही. चौथा, खांबावरच्या बाकीच्या वायरींचं काय? विजेच्या तारा खाली गेल्या आणि टीव्हीच्या केबल, इंटरनेटच्या वायरी आणि रस्त्यावरचे दिवे खांबावरच राहिले, तर खांबही राहिले आणि जाळंही राहिलं.

आता आपल्या गेटच्या आत येऊ. जी सोसायटी "तारा खाली घ्या" म्हणते, तीच सोसायटी "पेटी मात्र आमच्या गेटजवळ नको" म्हणते. हे मी सगळीकडे पाहिलंय. पेटी ठेवायला जागा लागते. रस्त्यावर जागा नाही, फूटपाथवर ठेवली तर माणसं गाड्यांसमोर चालणार. उद्या आपल्याकडे एका गाडीच्या पार्किंगएवढी जागा मागितली गेली, तर आपलं उत्तर काय? माझं मत स्पष्ट आहे: द्यावी. पण डोळे मिटून देऊ नये. सर्वसाधारण सभेत ठराव करून, जागेचा नकाशा जोडून, चौथऱ्याची उंची लिहून घेऊन, कुंपण आणि अर्थिंगची अट घालून द्यावी. ज्यांची पार्किंगची जागा जाईल त्यांची सोय समितीने आधी करावी, नाहीतर पंचवीस वर्षांचा शेजार एका पेटीवरून बिघडेल. ठरवायचं ते आज शांतपणे ठरवावं, कारण वादळानंतर अंधारात बसून कोणीच शांतपणे ठरवत नाही.

आणि काही कामांना कोणाच्याच परवानगीची गरज नाही. ती याच वर्षी करून टाकू.

गेटच्या खांबावर आजवर पाणी कुठपर्यंत आलं त्याची रंगाने रेघ मारा, बाजूला साल लिहा. २६ जुलै २००५ ला पाणी कुठे होतं हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत, तोवरच हे होईल. आपली मीटर रूम त्या रेघेच्या खाली असेल, तर शहराची केबल कितीही उत्तम असली तरी आपला दिवा जाणारच. मीटर वर उचलायचा खर्च मोठ्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात धरा.

ट्रान्सफॉर्मरपासून मीटर रूमपर्यंत आपली केबल कुठून जाते? या सभागृहात किती जणांना माहीत आहे? पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ती झाकली गेली. तिचा माग काढून एक नकाशा करू. पुढे आवारात कोणताही चर खणला, तर बुजवण्याआधी फोटो काढायचा आणि इमारतीच्या कोपऱ्यापासून किती फुटांवर, किती खोल, हे मापासह लिहायचं. तो कागद सोसायटीच्या दप्तरात राहावा. समित्या बदलतात, सचिव बदलतात, ठेकेदाराचा फोन नंबर बदलतो. कागद राहतो.

आणि आवाराबाहेर कोणी रस्ता खणताना दिसला, तर खिडकीतून नुसतं पाहू नका. खाली उतरा, नम्रपणे विचारा: "दादा, काम कोणाचं? खाली काय काय आहे ते माहीत आहे का? वाळू-विटा टाकणार ना?" आपल्या तरुण मुलांनी हे विचारावं, कारण पुढची पंचवीस वर्षं या केबलवर त्यांनाच काढायची आहेत.

वरची तार जुनी झाली, लोंबकळली, झाडाला टेकली, की रस्त्यावरचं पोरसुद्धा बोट दाखवायचं. सगळं शहर तिच्यावर लक्ष ठेवून होतं. ती जमिनीखाली गेली की ते लक्ष संपतं. तेव्हा जे डोळ्याआड जाणार आहे ते आधी कागदावर आणा, एवढंच माझं मागणं आहे. आपल्या सोसायटीने टँकरच्या दिवसांत पाण्याची वही ठेवली होती, कोणाला किती हंडे मिळाले ते लिहिलेलं असायचं आणि म्हणून भांडणं झाली नाहीत. तशीच आता एक विजेची वही काढू.

वीस मिनिटांची पंचवीस झाली, रौप्यमहोत्सव आहे म्हणून चालवून घ्या. अंताक्षरीला उशीर झाल्याबद्दल महिला मंडळाची क्षमा मागतो आणि थांबतो.