अडकित्त्यावरचा पोपट

जुन्या घराची वांटणी होऊं लागली म्हणजे दागिन्यांचें वजन होतें, जमिनीची मोजणी होते. अडगळीच्या खोलींतील तांब्यापितळेच्या वस्तु मात्र मोडीच्या भावानें तांबटाकडे जातात. त्या मोडींत एखादा पोपटाच्या आकाराचा अडकित्ता असतो. तो मुशींत पडला कीं, घडविणाऱ्या अनामिक कारागिराची एवढीच उरलेली खूणही नाहींशी होते. पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं आपलें बहुतेक आयुष्य या मोडीची वाट अडविण्यांत वेंचलें.

केळकरांचा जन्म १८९६ चा. व्यवसायानें ते चष्म्यांचे व्यापारी. लोकांस दृष्टि पुरविणाऱ्या या गृहस्थास इतरांहून अधिक दिसत असे, असें म्हणण्याचा मोह होतो. पण ती कोटी झाली. खरें कारण त्यांच्या कवितेंत शोधावें. 'अज्ञातवासी' या नांवानें ते काव्यरचना करीत, आणि गतकाळाविषयींची ओढ त्यांस जुन्या घराण्यांच्या वाड्यांपर्यंत घेऊन गेली. १९२० च्या सुमारास हा संग्रह सुरू झाला.

अशा वाड्यांतून सामान्य संग्राहक तरवारी आणि सनदा मागेल. केळकरांची नजर माजघरांत आणि स्वयंपाकघरांत जाई. विळ्या, किसण्या, सोरे, कुंकवाचे करंडे, दौती, समया, लामणदिवे हा त्यांचा खरा जिव्हाळ्याचा प्रांत. वज्रीचेंच उदाहरण घ्यावें. टांचा घासण्याची ही वस्तु; तिचा खालचा भाग खरबरीत असला कीं काम भागतें. परंतु जुन्या कारागिरांनीं तिच्या मुठीवर पक्षी बसविले, हत्ती उभे केले. कांहींच्या पोकळींत बारीक खडे घातले, म्हणजे पाय घासतांना मंजुळ नाद व्हावा! हें सौंदर्य न्हाणीघरांतील, कोणास दाखविण्यासाठीं नव्हे. जी वस्तु हातांत धरून रोज वापरली जाते तिलाच कलेची अधिक गरज आहे, ही केळकरांची अभिरुचि. राजेरजवाड्यांच्या दरबारी कलेचे जाणकार पुष्कळ झाले. गृहिणीच्या हातांतील कलेचा असा जाणकार विरळा.

या कामांत त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा वांटा मोठा आहे. संसार चष्म्यांच्या दुकानावर, आणि मिळकत दिव्या-दारांवर खर्च व्हावयाची. अशा घरांत राहणाऱ्या स्त्रीनें तक्रार केली असती तरी तिला दोष देतां आला नसता. त्यांनीं साथ दिली. पुढें गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारतांतूनही वस्तु येत गेल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो संग्रहालयांत पुन्हा उभा केला. प्रेक्षकांची गर्दी तेथेंच अधिक होते, तें नांवामुळें साहजिकच आहे. परंतु केळकरांची आवड ज्यास समजून घ्यावयाची असेल त्यानें महालांतून लवकर बाहेर पडून अडकित्त्यांच्या कपाटापुढें उभें राहावें. घोडा, पोपट, स्त्रीपुरुषांची जोडी असे कितीतरी आकार, आणि काम एकच, सुपारी कातरण्याचें.

एवढी माया निर्जीव वस्तूंवर कां? त्याचें एक उत्तर त्या घराच्या दुःखांत आहे. केळकर दांपत्याचा मुलगा राजा बालवयांतच वारला. संग्रहाचें वेड त्यापूर्वींचें असेलही. परंतु त्या वेडास नांव मिळालें तें या मुलाचें. पुढें हा सर्व संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनास अर्पण केला. आज तेथें वीस हजारांवर वस्तु आहेत, आणि त्यांतील थोड्याच एका वेळीं मांडतां येतात. स्वतः केळकर १९९० सालीं निवर्तले.

पुण्यांत शुक्रवार पेठेंत आजही 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' अशी पाटी आहे. परगांवचे पुष्कळ लोक ती वाचून 'राजा' ही संस्थापकास मिळालेली एखादी पदवी समजतात. ती पदवी नाहीं. तें त्या मुलाचें नांव आहे. आणि दिनकर हें, आपल्या रीतीप्रमाणें, त्यापुढें लिहिलेलें बापाचें.